राजवाडे गेले कुठे? राजापूरच्या जांभ्यापासून मंडालेच्या सागापर्यंत

१/
महाराष्ट्रात गडकिल्ले आहेत, लेणी आहेत, देवळे आहेत. मग राजवाडे कुठे आहेत? उदयपूर-जोधपूर पाहून परतलेल्या मित्रमंडळींकडून हा प्रश्न हमखास येतो आणि त्यामागे एक न बोललेला निष्कर्ष दडलेला असतो : आपल्याकडे लढवय्ये झाले, पण वास्तुवैभवाची हौस कोणाला नव्हती. आजचा दीर्घ धागा या निष्कर्षाविरुद्ध आहे. सुरुवात मात्र कोणत्याही राजधानीतून नव्हे, तर राजापूरच्या खाडीकाठच्या एका वखारीतून करू.

२/
राजापूर हे अर्जुना नदीच्या काठचे जुने बंदर. भरतीबरोबर गलबते गावापर्यंत येत आणि अणुस्कुरा घाटाने बैलांचे तांडे माल घेऊन देशावर चढत. आदिलशाहीच्या काळात मिरी आणि कापड यांच्या ओढीने इंग्रजांनी सतराव्या शतकाच्या मध्यास येथे वखार घातली. पुढे फ्रेंचही आले. एकोणिसाव्या शतकातील सरकारी गॅझेटियरांत या वखारीची नोंद आहे. भक्कम दगडी इमारत, खाडीपर्यंत उतरणारे आवार आणि त्या काळी तिच्यात भरणारी सरकारी कचेरी. गावाच्या चढउताराच्या अरुंद गल्ल्या आणि वरून छप्पर घातलेली फरसबंद पेठ यांचेही वर्णन तेथे येते. दोनशे वर्षांनंतरही ही व्यापाऱ्यांची इमारत उभी होती, हे ध्यानात ठेवा.

३/
इ.स. १६६०. शिवाजी महाराज पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात अडकलेले. राजापूर वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन तोफा आणि दारूगोळा घेऊन जौहरच्या मदतीस गेला आणि इंग्रजांचे निशाण लावून त्याने गडावर मारा केला. व्यापाऱ्याने लढाईत पडण्याचा हा प्रकार महाराज विसरले नाहीत. १६६१ च्या आरंभी मराठी फौज राजापुरात उतरली, वखार लुटली गेली आणि रेव्हिंग्टन व त्याचे सहकारी कैदेत गेले. सुटका व्हायला १६६३ उजाडले.

४/
या लुटीच्या भरपाईसाठी कंपनीने पुढे दहा-बारा वर्षे पाठपुरावा केला. राज्याभिषेकाच्या वेळी, म्हणजे मे-जून १६७४ मध्ये, मुंबईहून हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला, तो वाटाघाटींचा हाच धागा हाती घेऊन. सोबत दुभाष्या नारायण शेणवी. त्याच महिन्यात तह झाला. राजापूरच्या नुकसानीपोटी १०,००० होन आणि पुन्हा वखार घालण्याची मोकळीक, ही त्यातली महत्त्वाची कलमे. वखार पुन्हा उघडली, पण फार काळ टिकली नाही. आपल्या विषयाला मात्र या वकिलीचा वेगळाच उपयोग झाला आहे. राजापूरच्या तंट्यामुळे एक परका, चौकस मनुष्य ऐन राज्याभिषेकाच्या दिवशी रायगडाच्या राजसभेत उभा राहिला आणि त्याने जे पाहिले ते लिहून ठेवले.

५/
ऑक्झिंडेनने पाहिले ते असे : भव्य सिंहासनावर बसलेला राजा, बाजूंना सोनेरी भाल्यांच्या टोकांवर लटकणारी चिन्हे, एका बाजूस मोठ्या दातांच्या सोनेरी मत्स्यांची मुखे, दुसऱ्या बाजूस घोड्यांच्या शेपट्या आणि अत्युच्च भाल्याच्या टोकावर समतोल सोन्याचा तराजू. राजवाड्याच्या दारात दोन लहान हत्ती आणि दोन पांढरे घोडे उभे होते. इतक्या अवघड वाटेने हत्ती वर आणले कसे, याचे त्याला नवल वाटले. (पिल्ले असतानाच वर नेऊन वाढवले, अशी आख्यायिका आहे.)

६/
आज आपण त्याच जागी जातो, तेव्हा काय दिसते? नगारखान्याची उंच कमान. तिच्यातून आत गेल्यावर २२० फूट लांब आणि १२४ फूट रुंद असे राजसभेचे मोकळे प्रांगण. मागे जोतीच जोती : राणीवशाची, कचेऱ्यांची, कोठारांची. गंगासागराच्या बाजूला बारा कोनांचे मनोरे, तेही वरच्या मजल्यांना मुकलेले. पाहुणा म्हणतो, ‘राजवाडा एवढाच?’ आणि पायऱ्या उतरू लागतो. त्याने राजवाडा पाहिलेलाच नसतो, फक्त त्याचा दगडी तळ पाहिलेला असतो.

७/
मराठी राजवाड्याची रचना समजून घेतली, तर ही फसगत टळते. खाली घडीव दगडाचे जोते. जोत्यावर ठरावीक अंतराने दगडी तळखडे. प्रत्येक तळखड्यावर सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्यांचे तक्तपोशी छत आणि वर कौलांचे उतरते छप्पर. छताचा भार खांब-तुळयांचा सांगाडा पेलतो. खांबांमधली भिंत विटांची असो वा मातीची, ती मुख्यतः आडोसा करते. म्हणूनच जुनी माणसे म्हणत, भिंत पडली तरी घर उभे राहते. उलटे मात्र खरे नाही. सांगाडा जळाला, तर भिंती आपोआप ढासळतात, पावसाळे माती वाहून नेतात आणि मागे राहते ते जोते.

८/
या लाकडी शास्त्राची खूण आपल्या भाषेतच आहे : ‘खण’. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण, आणि ते अंतर ठरते तुळईच्या लांबीने, म्हणजे शेवटी झाडाच्या सरळ खोडाने. माजघर पाच खणी, सोपा सात खणी अशीच घराची मोजणी होई. सरदाराचा दिवाणखाना कुळाच्या घरापेक्षा मोठा असे, तो मुख्यतः खण वाढवून आणि चौक वाढवून; एकेक दालन अवाढव्य करून नव्हे. आपले वाडे आडवे पसरतात आणि चौकाभोवती फिरतात, त्याचे एक मोठे कारण हेच. उजेड, वारा आणि पागोळ्यांचे पाणी या तिन्हींची सोय चौक करतो.

९/
आता पुन्हा राजापूर. या तालुक्याचे सडे जांभ्याचे आहेत. जांभा खाणीतून काढताना तुलनेने मऊ असतो, त्याचे चिरे सहज कापता येतात आणि हवा लागली की तो टणक होत जातो. बांधकामाला यासारखा सोयीचा दगड नाही. पण तो सच्छिद्र, खडबडीत. त्यावर बारीक नक्षी उठत नाही. याच सड्यांवर, बारसू आणि देवाचे गोठणे येथे, प्राचीन माणसाने प्रचंड कातळशिल्पे खोदली. तीही रेषांची आहेत, नाजूक कोरणीची नव्हेत. संगमेश्वराजवळच्या कसब्यात कर्णेश्वराचे मंदिर नक्षीने भरलेले आहे, कारण ते काळ्या पाषाणाचे आहे. जांभ्याच्या मुलखात मात्र कारागिराची सारी हौस लाकडावर उतरली. खांबांचे सुरूदार घाट, महिरपी, तुळईच्या टोकांची केळफुले, दाराची गणेशपट्टी. दगडाने भार पेलायचा आणि लाकडाने शोभा आणायची, अशी ही वाटणी. वाटणीतला शोभेचा भागीदार अल्पायुषी निघाला, आणि तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या कोकणात तर फारच.

१०/
ही केवळ आपली उणीव आहे असे कोणास वाटत असेल, तर थोडे मागे जाऊ. चांगले तेवीस शतके मागे. चंद्रगुप्त मौर्याच्या दरबारी आलेला ग्रीक वकील मेगॅस्थनीस पाटलिपुत्राचे कौतुक करताना सांगतो की, शहराचा तट लाकडाचा आहे. त्याच्या नावावर येणारे आणखी एक निरीक्षण मार्मिक आहे : नदी वा समुद्राकाठची नगरे भारतीय लोक लाकडात बांधतात, कारण पूर आणि पावसापुढे विटा टिकत नाहीत, उंचावरची नगरे मात्र विटा-मातीची असतात. राजापूरच्या जवाहर चौकात दर पावसाळ्यात अर्जुना आणि कोदवली यांचे पाणी शिरते, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना या वाक्याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

११/
त्या मौर्य राजधानीचे उत्खनन १९१२-१३ मध्ये डी. बी. स्पूनर यांनी पाटण्याजवळ कुम्रहार येथे सुरू केले. खर्चाचा मोठा भार मुंबईच्या सर रतन टाटांनी उचलला होता. हाती काय लागले? गुळगुळीत झिलईच्या दगडी खांबांचे तुकडे, खांबांच्या जागा दाखवणाऱ्या राखेच्या आणि तुकड्यांच्या खुणा, लाकडी चौथरे. ऐंशी खांबांच्या एका भव्य सभागृहाचा आराखडा त्यावरून मांडता आला. छप्पर लाकडाचे होते. ते केव्हाच गेले. भारतातला अगदी आरंभीचा मोठा राजमहालही, रायगडाप्रमाणेच, आपल्याला मजल्यांनी भेटत नाही. तळाच्या खुणांनी भेटतो.

१२/
मग प्राचीन महालांचे रूप कळायचे कसे? उत्तर आपल्या सह्याद्रीतच आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात जा आणि मान वर करा. डोंगर पोखरून केलेल्या त्या कमानदार छताला सागवानी फासळ्या बसवलेल्या आहेत, आणि त्या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या आहेत. दगडाच्या छताला लाकडाच्या आधाराची काहीच गरज नव्हती. पण कारागिरांच्या नजरेला ‘भव्य इमारत’ म्हणजे लाकडी इमारत अशीच सवय होती. म्हणून दगडात कोरतानाही त्यांनी लाकडाचेच रूप उतरवले. भाज्याच्या लेण्यात दर्शनी बाजूस कोरलेले सज्जे, जाळ्या आणि गवाक्षकमानी पाहिल्या, की सातवाहनकाळच्या एखाद्या राजरस्त्यावर उभे असल्याचा भास होतो. पैठणचे महाल उरले नाहीत. त्यांच्या घाटाची पाषाणातली नक्कल उरली.

१३/
पुढची पायरी अजिंठ्याची. पाचव्या शतकातील वाकाटककालीन चित्रांत राजा-राणी ज्या मंडपांत बसलेले दिसतात, त्यांचे खांब पाहा. इतके सडपातळ की ते दगडाचे असूच शकत नाहीत. रंगवलेले खांब, सपाट छते, झालरी, मागे डोकावणारी झाडे. चित्रकाराने कल्पनेचे रंग भरले असतील हे मान्य; पण खांब आणि तुळई यांचा जोड त्याने कुठेतरी पाहिलेलाच होता.

१४/
‘मग सुलतानांनी तर दगड आणि चुन्यात बांधले ना?’ बांधले, आणि उत्तम बांधले. पक्का चुना आणि खरी कमान यांमुळे खणाचे बंधन सुटले. ज्या आदिलशाहीच्या अमलाखाली राजापूर होते, तिच्या राजधानीत, विजापुरात, १५६१ च्या सुमारास गगनमहाल उभा राहिला. त्याची मधली कमान आजही थक्क करते. परंतु कमानींच्या मागे उभे राहून वर पाहिले तर आकाश दिसते. मजला आणि छत लाकडी होते. तेच नेमके नाहीसे झाले. शेजारच्या आसार महालाचे दर्शनी छत मात्र प्रचंड लाकडी खांबांवर अजून तोललेले आहे. म्हणजे विजापूरच्या सुलतानालाही दरबाराच्या दर्शनी भागासाठी साग हवाच होता. मराठी वाड्यांतल्या महिरपी याच दख्खनी परंपरेतून आल्या. कमानीचे काम भार पेलण्याचे, ते लाकडी महिरपीत निव्वळ शोभेचे झाले.

१५/
राजवाडा कोणी बांधावा, यालाही शिस्त होती. रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ १७१५ च्या सुमारासचे. गडावर राजमंदिराखेरीज कोणाचेही थोर इमारतीचे घर असू नये, असा त्यात दंडक आहे. त्याच ग्रंथात आरमारासाठी लागणाऱ्या सागाबद्दलही सूचना आहेत. तो परवानगीने तोडावा. रयतेच्या आंब्या-फणसांना मात्र हात लावू नये, कारण झाड वाढायला माणसाचे आयुष्य जाते. एकाच जंगलातल्या सागावर जहाज, राजवाडा आणि घर असे तीन दावेदार होते, हे या कलमांवरून कळते. दगड डोंगरात पडलेला होताच. खरी दुर्मीळ वस्तू होती ती सरळ, जुना साग.

१६/
आता पुणे. शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजी, शनिवारी, घातला गेला. वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ रोजी झाली. खर्च १६,११० रुपये. पुढील पेशव्यांनी त्यात भर घालून वाडा सात मजल्यांपर्यंत चढवल्याचे सांगतात. एक प्रसिद्ध कथा अशी की, खालचा भाग दगडी झाल्यावर ‘दगडी वाडा बांधण्याचा मान छत्रपतींचा’ अशी तक्रार साताऱ्यास गेली, म्हणून वरचे काम विटांत झाले. मला ही कथा जशीच्या तशी स्वीकारावीशी वाटत नाही. खाली दगड, वर वीट आणि लाकूड ही रीत तर साध्या सावकाराच्या वाड्यातही आहे. पण आज्ञापत्रातला दंडक आठवला, की असली कथा लोकांना खरी का वाटली असेल ते उमगते.

१७/
१८१८ च्या मे महिन्यात कर्नल प्रॉथरच्या तोफांनी रायगडावर मारा केला. गोळ्यांनी आग लागली आणि राजवाड्याच्या इमारती भस्मसात झाल्या. दहाच वर्षांनी, २७ फेब्रुवारी १८२८ रोजी, शनिवारवाडा पेटला आणि कित्येक दिवस जळत राहिला. तेव्हा तो इंग्रजांच्या ताब्यात, कचेऱ्या-तुरुंगासारख्या कामांसाठी वापरात होता. नागपूरकर भोसल्यांचा राजवाडा, काळ्या दगडाचा आणि लाकडी कोरीवकामाने मढलेला, १८६४ मध्ये जळाला. मागे नगारखान्याचा दरवाजा राहिला. पुण्यातील विश्रामबाग वाड्याच्या एका बाजूला १८७९ मध्ये आग लागली. तिन्ही राजवाड्यांत काय उरले ते पाहा : रायगडावर नगारखाना, पुण्यात दिल्ली दरवाजा, नागपुरात नगारखाना. दर वेळी उरतो तो दगडाचा दरवाजाच. आपण दरवाजे पाहून घराची कल्पना करणारे लोक झालो आहोत.

१८/
यातील रायगडाची आग युद्धातली आहे. पण बाकीच्यांचा दोष निव्वळ शत्रूवर टाकून चालणार नाही. राज्य गेल्यावर वाडा राखायला माणसे उरत नाहीत. कौले शाकारली जात नाहीत. एका पावसाळ्यात गळती लागते, दुसऱ्यात तुळई कुजते, तिसऱ्यात वाळवी लागते. लाकडी राजवाडा हा दर वर्षी थोडाथोडा नव्याने बांधावा लागतो. त्याला राज्यकर्ता नसला तरी चालेल. सुतार आणि कौले शाकारणारा मात्र हवाच.

१९/
जिथे ही देखभाल चालू राहिली, तिथे वास्तू टिकल्या. राजापूरहून दक्षिणेस निघालात, तर सावंतवाडीला मोती तलावाच्या काठी सावंत-भोसल्यांचा राजवाडा आहे, अठराव्या शतकातल्या तिसऱ्या खेम सावंतांच्या काळचा. तोच जांभा, तीच उतरती छपरे. वंशाने तो सांभाळला आणि गंजिफांच्या व लाखकामाच्या कलेला तिथेच आसरा दिला. कोकणी राजवाडा पाहायचा असेल, तर आधी इथे या.

२०/
इंग्रजी अमलात संस्थानिकांची अभिरुची पालटली. कोल्हापूरचा नवा राजवाडा मेजर चार्ल्स मँट यांच्या आराखड्यानुसार १८७७ ते १८८४ या काळात उभा राहिला : काळा घडीव दगड, घुमट, छत्र्या आणि मधोमध घड्याळाचा मनोरा. भवानी मंडपाजवळचा जुना राजवाडा चौकांभोवती अंतर्मुख बसलेला आहे. नवा राजवाडा बागेच्या मध्यावर उभा राहून चहूबाजूंनी स्वतःला दाखवतो. जुन्यात दरवाजा ओलांडल्यावर राजा भेटत असे, नव्यात राजाची वास्तू दुरूनच भेटते. खरे अधिकार आटू लागले, त्याच काळात दर्शनी भाग इतके भव्य व्हावेत, हा योगायोग नसावा.

२१/
धाग्याचे शेवटचे टोक पुन्हा सागाशीच आहे, आणि ते रत्नागिरी जिल्ह्यातच येऊन अडकते. मुंबईतल्या वॉलेस बंधूंनी १८६३ मध्ये बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी काढली. तिचा मोठा धंदा ब्रह्मदेशातल्या सागाचा. ठरलेला कर न भरता ओंडके बाहेर नेल्याचा आरोप ठेवून १८८५ मध्ये मंडालेच्या दरबाराने तिला सुमारे २३ लाख रुपयांचा दंड ठोठावला. इंग्रजांना फ्रेंचांच्या वाढत्या वजनाची धास्ती होतीच. हा दंड निमित्त ठरला. नोव्हेंबरमध्ये फौजा इरावतीने वर गेल्या, महिन्याअखेर थिबा राजा कैद झाला आणि एप्रिल १८८६ मध्ये त्याला रत्नागिरीत आणून ठेवले गेले.

२२/
तो जो राजवाडा सोडून आला, तो जवळजवळ संपूर्ण सागवानी होता. त्याचा पिता मिंडॉन याने राजधानी अमरपुराहून मंडालेला हलवली, तेव्हा जुन्या राजवाड्याचे भाग सुटे करून, हत्तींवरून नेऊन, नव्या जागी जोडले होते. रचना ओळखीची वाटेल : खाली पक्के बांधीव जोते, वर सागाचे खांब आणि सोनेरी कोरीवकामाची एकावर एक चढत जाणारी छपरे.

२३/
रत्नागिरीत आरंभीची चोवीस वर्षे थिबा बंगल्यांत राहिला. १९१० मध्ये सरकारने बांधलेल्या नव्या राजवाड्यात त्याचे कुटुंब राहायला गेले. भाट्याच्या खाडीकडे पाहणारी ती टेकडी, लाल चिऱ्याच्या भिंती, उतरती कौलारू छपरे, अर्धवर्तुळाकार लाकडी नक्षीच्या खिडक्या. परदेशी राजासाठी, इंग्रज सरकारने, कोकणच्या दगडात बांधलेला राजवाडा. आणि त्यात राजसभा भरवण्यासाठी मात्र कोणीही नव्हते. सहा वर्षांत, डिसेंबर १९१६ मध्ये, थिबा तिथेच वारला. राणी आणि मुली १९१९ मध्ये परतल्या. वास्तू टिकली, कारण ती सरकारी होती आणि कचेऱ्या-संस्थांच्या कामी येत राहिली. राजापूरच्या वखारीचे जे झाले, तेच थिबा राजवाड्याचे : कचेरी झाली म्हणून वाचली. इतिहासाच्या प्रेमापेक्षा सरकारी फायलींनी आपल्याकडे अधिक वास्तू वाचवल्या आहेत, हे कबूल करायला कसेसेच वाटते, पण ते खरे आहे.

२४/
आणि मंडालेचे काय झाले? इंग्रजांनी त्याच्या एका भागात आपला क्लब भरवला. मार्च १९४५ मध्ये, दुसऱ्या महायुद्धातल्या लढाईत, सारा राजवाडा जळून गेला. उरले ते जोते. मूळ राजवाड्याचे एकच मोठे दालन शिल्लक आहे. मिंडॉन ज्या दालनात मरण पावला, ते थिबाने १८८० च्या सुमारास उचलून राजवाड्याच्या तटाबाहेर नेले आणि त्याचा मठ केला. श्वेनानडॉ या नावाने तो मठ आजही उभा आहे, काळवंडलेल्या सागाच्या कोरीवकामासह. ज्या राजाच्या हातून राज्य निसटले, त्याच्याच एका निर्णयामुळे मंडालेच्या राजवाड्याचे खरे रूप कसे होते ते आज कळू शकते.

२५/
१९९० च्या दशकात मंडालेचा राजवाडा पुन्हा उभारला गेला, तो बराचसा काँक्रीट आणि पत्र्याच्या साहाय्याने. दुरून तो छान दिसतो. श्वेनानडॉ पाहून आल्यावर मात्र त्याच्याकडे पाहवत नाही. रायगडावरचा राजवाडाही पुन्हा उभारावा, अशी मागणी आपल्याकडे अधूनमधून होते. तिच्यामागचा भाव समजतो. पण रायगडाच्या दगडात आराखडा शिल्लक आहे, उंची नाही. उंची जळालेल्या लाकडात होती. खण मोजता येतील, खांबावरची केळफुले कशी होती ते कोण सांगणार? त्यापेक्षा आज उभे असलेले लाकूड आधी वाचवावे, असे माझे स्पष्ट मत आहे : विश्रामबाग वाड्याचे दर्शनी सज्जे, नाशिकचा सरकारवाडा, चांदवडचा रंगमहाल, आणि हो, कोकणातल्या जुन्या पेठांमधली ती घरेही, ज्यांचे सागवानी खांब पाडकामानंतर टेम्पोत भरून शहरातल्या उपाहारगृहांची शोभा वाढवायला जातात.

२६/
रायगडावर जाणार असाल तर एक काम करा. राणीवशाच्या जोत्यांवर तळखडे कुठे शिल्लक आहेत ते शोधा आणि दोन तळखड्यांमधले अंतर पावलांनी मोजा. मग कोकणातल्या एखाद्या जुन्या घराच्या पडवीत, घरमालकांची परवानगी घेऊन, तेच अंतर मोजा. आकडे प्रतिसादात लिहा. मी एकत्र करून ठेवतो. पुढचा धागा चांदवडच्या रंगमहालावर.